पामतेलाचा दाखला

खाद्यतेलाच्या पिशवीवर वजन, किंमत, वापराची मुदत आणि पोषणमूल्ये छापलेली असतात. परंतु ते तेल ज्या जमिनीत पिकले ती जमीन वीस वर्षांपूर्वी जंगल होती, दलदल होती की कोणाच्या पिढीजात वहिवाटीतली होती, हे त्या पिशवीवरून कळत नाही. तेलाच्या नेहमीच्या रासायनिक चाचण्यांतूनही ते कळत नाही, कारण जंगल जाळून लावलेल्या झाडाचे तेल आणि रबराच्या जुन्या मळ्याच्या जागी लावलेल्या झाडाचे तेल यांच्या रंगात, वासात वा घटकांत काहीच भेद नसतो. वस्तूच्या अंगी न उतरणारी ही माहिती नकाशे, नोंदी आणि तपासण्या यांच्या आधारे वस्तूबरोबर खरेदीदारापर्यंत पोचवणारी व्यवस्था म्हणजे पर्यावरणीय शाश्वततेचे प्रमाणन होय. शाश्वतता याचा अर्थ येथे इतकाच की, आजचे उत्पादन उद्याच्या उत्पादनाच्या आणि परिसरातील माणसे, प्राणी व पाणी यांच्या मुळावर येऊ नये. सोन्यावरील हॉलमार्क धातूची शुद्धता सांगतो आणि ती कसोटीवर पुन्हा पडताळून पाहता येते; पामतेलावरील दाखला मात्र तेलाच्या पूर्वेतिहासाची ग्वाही देतो, आणि म्हणून त्याची सगळी भिस्त तो हिशेब ठेवणाऱ्यांवर व मागणाऱ्यांवर असते.

ज्या झाडाभोवती ही व्यवस्था उभी राहिली तो तेलताड मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये डच राजवटीत त्याची चार रोपे जावा बेटावरील बोगोर येथील वनस्पती उद्यानात लावली गेली आणि पुढे कित्येक दशके हे झाड तिकडे प्रामुख्याने शोभेसाठीच वाढवले जात होते. त्याची व्यापारी लागवड सुमात्रा बेटावर १९११ मध्ये आणि मलायात १९१७ मध्ये सुरू झाली. १९८१ मध्ये कॅमेरूनमधून आणलेला सोंड्या वर्गातील एक इवलासा भुंगा मलेशियातील मळ्यांत सोडण्यात आला, तेव्हा मजुरांकरवी हाताने करावे लागणारे परागीभवन आपोआप होऊ लागले आणि लागवडीला मोठीच चालना मिळाली. आज जगात दरवर्षी सुमारे ८ कोटी टन पामतेल निघते आणि त्यातील जवळपास ८५ टक्के वाटा इंडोनेशिया व मलेशिया या दोनच देशांचा असतो.

या झाडाला वर्षभर घड लागतात. लांब दांड्याला बसवलेल्या विळ्याने, ज्याला इंडोनेशियात ‘एग्रेक’ म्हणतात, मजूर आधी घडाखालची झावळी आणि मग घड कापतो. जमिनीवर सुटी फळे पडू लागली म्हणजे वरचा घड पिकला असे समजतात, आणि ‘ब्रोंडोलान’ नावाची ही सुटी फळे वेचून गोणीत भरण्याचे काम बहुधा स्त्रियांकडे असते. फळाच्या गरातून तांबूस-नारिंगी पामतेल निघते, तर आतल्या बीच्या मगजातून खोबरेल तेलाशी साधर्म्य असणारे दुसरे तेल निघते आणि ते साबण व सौंदर्यप्रसाधनांत जाते. तोडणीनंतर गरातील तेलाचे विघटन होऊन त्याची आम्लता झपाट्याने वाढू लागते, म्हणून घड शक्यतो चोवीस तासांच्या आत गाळपाला जावा लागतो. तोडलेल्या उसाचा उतारा दर तासाला घटतो आणि म्हणून साखर कारखान्याला भोवतालच्या पट्ट्यातूनच ऊस आणावा लागतो, तशीच ही स्थिती आहे. याचा परिणाम असा की, प्रत्येक गिरणीला ठरावीक परिसरातलीच फळे मिळतात आणि ती कोणत्या जमिनीतून आली हे निदान तेथपर्यंत तरी शोधता येते. प्रमाणनाचे एकक गिरणी आणि तिला फळ पुरवणारे मळे मिळून धरण्यामागे हेच कारण आहे. गिरणीतून तेल टँकरमध्ये, तेथून शुद्धीकरण कारखान्यात, बंदरावरील टाक्यांत आणि जहाजांत जाते, आणि या प्रत्येक टप्प्यावर ते इतर तेलात मिसळत जाते. माग जेथे पुसट होतो, तेथून पुढे सारे काही हिशेबावर चालते.

असा हिशेब ठेवण्याची गरज भासली ती विसाव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रा आणि बोर्निओ या बेटांवर जे घडले त्यामुळे. तेथील सखल भागात ‘पीट’ नावाची जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. पाण्याखाली न कुजता साचत गेलेल्या पानाफांद्यांचे हे थर हजारो वर्षांचे असून काही ठिकाणी ते दहा मीटरपेक्षाही जाड आहेत. लागवडीसाठी चर खणून या जमिनीतील पाणी काढून टाकले की ती सुकते, खचते, हवेशी संयोग होऊन कर्बवायू सोडत राहते आणि एकदा पेटली की आठवडेच्या आठवडे आतल्या आत धुमसते. १९९७-९८ च्या आगींच्या धुराने सिंगापूर आणि मलेशियाही काळवंडले होते. २०१५ मध्ये इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले आणि जागतिक बँकेने त्या देशाचे नुकसान सुमारे १,६०० कोटी डॉलर असल्याचा अंदाज मांडला. या सगळ्या आगी तेलताडाच्या मळेवाल्यांनी लावल्या असे म्हणता येत नाही, कारण कागदाच्या लगद्यासाठी केलेली लागवड, लहान शेतकऱ्यांची जमीन साफ करण्याची रीत आणि जमिनीच्या मालकीचे तंटे हेही त्यामागे होते. परंतु जंगलतोडीच्या प्रमुख कारणांत तेलताडाचे नाव वरच्या स्थानी होते. ओरांगउटान, सुमात्राचा वाघ आणि हत्ती यांचा अधिवास आक्रसत गेला, आणि ज्या आदिवासी समूहांची वहिवाट सरकारी कागदावर कधी चढलीच नव्हती त्यांच्या जमिनी परवान्याच्या एका सहीसरशी मळ्यांत गेल्या.

पामतेलावर सरसकट बहिष्कार टाकावा हा सोपा वाटणारा उपाय आकड्यांपुढे टिकत नाही. तेलताडापासून दर हेक्टरी वर्षाला साडेतीन ते चार टन तेल मिळते, तर सोयाबीनपासून जेमतेम अर्धा टन. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे दाखवले की, पामतेलाची जागा अन्य तेलांना द्यायची झाल्यास कित्येक पट, काही पिकांच्या बाबतीत नऊपटीपर्यंत, अधिक जमीन लागेल. म्हणजे बोर्निओतील जंगलावरचे संकट ब्राझीलच्या किंवा अर्जेंटिनाच्या वनभूमीकडे सरकेल. त्यामुळे पीक सोडून देण्याऐवजी त्याची लागवड कोठे व कशी व्हावी याचे नियम ठरवण्याकडे पर्यावरणवाद्यांचा एक मोठा गट वळला.

या वळणातून ‘शाश्वत पामतेल गोलमेज संघटना’ जन्माला आली. तिची आद्याक्षरे घेऊन ती सर्वत्र आरएसपीओ या नावाने ओळखली जाते. २००३ मध्ये क्वालालंपूर येथे पहिली गोलमेज बैठक झाली आणि २००४ मध्ये स्वित्झर्लंडच्या कायद्यानुसार झुरिच येथे संघटनेची नोंदणी झाली. कार्यालय मात्र क्वालालंपूरमध्येच राहिले. तिच्या स्थापनेत डब्ल्यूडब्ल्यूएफ ही निसर्ग संवर्धन संस्था, युनिलिव्हर ही बहुराष्ट्रीय कंपनी, मिग्रोस हा स्विस दुकान-समूह आणि मलेशियातील मळेवाल्यांची संघटना असे एरवी परस्परांसमोर उभे ठाकणारे घटक एकत्र होते. उत्पादक, प्रक्रियादार व व्यापारी, ग्राहकोपयोगी मालाचे निर्माते, किरकोळ विक्रेते, बँका व गुंतवणूकदार, पर्यावरण संस्था आणि सामाजिक संस्था असे सात गट तिचे सभासद असतात. ज्यांच्यावर नियम लागू व्हायचे तेच नियम ठरवण्याच्या मेजावर बसतात, हे या रचनेचे बळ आहे आणि टीकेचे पहिले लक्ष्यही तेच आहे.

संघटनेची तत्त्वे आणि निकष २००५ मध्ये प्रथम स्वीकारले गेले आणि २००८ मध्ये मलेशियातील पहिले प्रमाणित तेल बाजारात आले. निकषांची वेळोवेळी फेररचना होत असते. त्यातील २०१८ ची फेररचना सर्वांत महत्त्वाची मानली जाते. सुरुवातीच्या नियमानुसार मानवी हस्तक्षेपापासून अस्पर्श राहिलेले प्राथमिक जंगल आणि ‘उच्च संवर्धनमूल्य’ असलेली क्षेत्रे, म्हणजे दुर्मीळ जीवजाती, पाणलोट, स्थानिकांची उपजीविका किंवा श्रद्धास्थाने यांच्या दृष्टीने मोलाच्या जागा, नोव्हेंबर २००५ नंतर तोडता येत नव्हत्या. एकदा तोड होऊन पुन्हा वाढलेले जंगल या व्याख्येतून निसटत असे, म्हणून २०१८ मध्ये ‘उच्च कर्बसाठा’ असलेले वनही संरक्षणाखाली आणले गेले आणि पीट जमिनीवर, मग तिची खोली कितीही असो, नवी लागवड करण्यास मनाई झाली. जमीन साफ करण्यासाठी आग लावू नये, नदीकाठाचा पट्टा राखावा आणि गिरणीच्या सांडपाण्याची विल्हेवाट लावावी, असे पर्यावरणाचे नियम आहेत. त्यांच्या जोडीला किमान वेतन, बालमजुरीला बंदी आणि मजूर संघटनेचे स्वातंत्र्य याही अटी आहेत. स्थानिक समूहांची जमीन घेताना त्यांची ‘मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती’ लागते. अर्थात दबाव न आणता, काम सुरू होण्याआधी आणि परिणामांची पूर्ण कल्पना देऊन मिळवलेला होकार असावा लागतो.

निकष पाळले जातात की नाही हे संघटना स्वतः तपासत नाही. ते काम मान्यताप्राप्त स्वतंत्र संस्थांचे तपासनीस करतात. ते उपग्रहचित्रे आणि मळ्याच्या सीमांचे नकाशे एकमेकांवर ठेवून पाहतात, नमुन्यादाखल निवडलेल्या मळ्यांत फिरतात, नदीकाठाच्या पट्ट्यात झाडे लावलेली नाहीत ना हे पाहतात, कीटकनाशकांच्या कोठारापासून वेतनचिठ्ठ्यांपर्यंत सारे तपासतात आणि मजुरांशी व शेजारच्या गावकऱ्यांशी बोलतात. दाखल्याची मुदत पाच वर्षांची असते आणि मधल्या काळात दरवर्षी फेरतपासणी होते. या रचनेतील मोठी उणीव अशी की, तपासणीचे शुल्क ज्याची तपासणी होते तोच भरतो आणि तपासनीस संस्थाही तोच निवडतो. विद्यार्थ्याने परीक्षक निवडावा आणि त्याचे मानधनही द्यावे, असा हा प्रकार होतो. २०१५ मध्ये एन्व्हायर्नमेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या संस्थेने काही तपासण्यांतील गंभीर त्रुटी जाहीरपणे मांडल्या, आणि त्यानंतर तपासनीस संस्थांवरील देखरेख वाढवण्याची पावले उचलली गेली.

गिरणीनंतर जो हिशेब सुरू होतो त्याचे चार प्रकार आहेत आणि सामान्य ग्राहकाची सर्वाधिक गफलत येथेच होते. पहिल्या प्रकारात एकाच प्रमाणित गिरणीचे तेल शेवटपर्यंत वेगळे ठेवले जाते. दुसऱ्यात अनेक प्रमाणित गिरण्यांचे तेल परस्परांत मिसळते, परंतु अप्रमाणित तेलापासून ते दूरच राहते. तिसऱ्या प्रकाराला ‘वस्तुमान समतोल’ म्हणतात आणि तो समजण्यास गावच्या दूध डेअरीचे उदाहरण पुरेसे आहे: सेंद्रिय चाऱ्यावरच्या गाईंचे दहा लिटर दूध नव्वद लिटर साध्या दुधाबरोबर एकाच टाकीत ओतले, तर डेअरीने त्यातील कोणतेही दहा लिटर ‘सेंद्रिय’ म्हणून विकावे, मात्र अकरावा लिटर विकू नये. ग्राहकाच्या भांड्यात प्रत्यक्ष काय आले हे येथे सांगता येत नाही. तेवढ्या प्रमाणात सेंद्रिय दूध कोठेतरी खरेदी झाले, एवढेच खरे असते. चौथ्या प्रकारात तर तेल आणि दाखला यांची वाटच वेगळी होते: वापरकर्ता साधे तेल घेतो आणि तेवढ्याच वजनाच्या प्रमाणित उत्पादनाबद्दल मळ्याला पैसे देऊन ‘श्रेयांक’ विकत घेतो. या प्रकाराला टीकाकार पापक्षालनाची सोय म्हणतात, तर समर्थकांचे म्हणणे असे की, ज्या लहान शेतकऱ्यांची फळे वेगळी वाहून नेणारी साखळीच अस्तित्वात नाही त्यांच्यापर्यंत पैसा पोचवण्याचा हाच एक मार्ग आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे, आणि ‘प्रमाणित’ हा एकच शब्द चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो हे लक्षात ठेवलेले बरे.

या खटाटोपाने जंगल वाचते का, या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांपैकी एक २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. इंडोनेशियातील प्रमाणित आणि अप्रमाणित मळ्यांची उपग्रहचित्रांच्या आधारे तुलना केल्यावर, प्रमाणनामुळे जंगलतोडीचा वेग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्याचे संशोधकांना आढळले. परंतु आगींच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही, आणि दाखला मिळालेल्या बहुतेक मळ्यांत तोडण्याजोगे जंगल मुळातच थोडे उरले होते. याचा अर्थ असा की, ज्यांना नियम पाळणे सोपे होते तेच आधी पुढे आले, आणि जेथे जंगलाच्या कडेला आजही कुऱ्हाड चालू शकते तेथील उत्पादकांना पुढे येण्याचे कारण नव्हते. जगातील एकूण पामतेलापैकी सुमारे एक पंचमांश तेलच या संघटनेच्या दाखल्याखाली येते, आणि त्यातलेही बरेचसे, एकेकाळी जवळजवळ निम्मे, प्रमाणित म्हणून गिऱ्हाईक न मिळाल्याने साध्या तेलाच्या भावात विकले गेले आहे. तपासणीचा आणि सुधारणांचा खर्च उत्पादकाने करायचा आणि त्याचा मोबदला द्यायला कोणी नाही, अशी परिस्थिती असेल तर दाखल्याचे आकर्षण किती काळ टिकावे?

मोठा खरेदीदार हिशेब मागतो तेव्हा मात्र चित्र पालटते, याचे उदाहरण २०१६ मध्ये दिसले. बोर्निओ बेटावरील पश्चिम कालिमंतान या इंडोनेशियन प्रांतातील मळ्यांबाबत तक्रार आल्यावर संघटनेने आयओआय या मलेशियन समूहाचे प्रमाणन स्थगित केले. युनिलिव्हर, केलॉग आणि मार्स यांसारख्या खरेदीदारांनी त्याच्याकडून माल घेणे थांबवले. समूहाने संघटनेविरुद्ध स्वित्झर्लंडमध्ये दावा लावला, परंतु थोड्याच आठवड्यांत तो मागे घेतला आणि सुधारणांचा आराखडा सादर केल्यानंतर ऑगस्टमध्ये स्थगिती उठली. संघटनेचे स्थगितीचे पत्र एकटे असते तर एवढे घडले असते की नाही, याविषयी शंका घ्यायला जागा आहे. ग्राहक हातचे जाऊ लागल्याने त्या पत्राला वजन आले.

लहान शेतकऱ्याची गोष्ट निराळी आहे. इंडोनेशियातील तेलताडाच्या क्षेत्रापैकी सुमारे ४० टक्के क्षेत्र त्याच्याकडे आहे. त्याची जमीन दोन-चार हेक्टरांची असते, तिचा सातबारासारखा निर्विवाद उतारा बहुधा नसतो आणि घड तो दलालामार्फत जवळच्या गिरणीला घालतो. कागदपत्रे, नकाशे आणि तपासणीचे शुल्क यांचा भार त्याला एकट्याने पेलणे शक्य नाही, म्हणून गटाने प्रमाणन घेण्याची सोय करण्यात आली आणि २०१९ मध्ये स्वतंत्र लहान उत्पादकांसाठी टप्प्याटप्प्याने पूर्ण करावयाचे वेगळे मानक आले. कडक नियमांमुळे लहान शेतकरी व्यवस्थेबाहेर फेकला गेला, तर जंगलाच्या कडेला उरणारी लागवड नेमकी त्याचीच असेल, ही भीती त्यामागे आहे.

ऐच्छिक दाखल्याच्या या मर्यादा ओळखून सरकारांनीही आपापली चौकट आखली. इंडोनेशियाने २०११ मध्ये आणि मलेशियाने २०१५ पासून स्वतःची राष्ट्रीय प्रमाणन योजना सुरू केली. मलेशियात ती २०२० पासून सक्तीची आहे. या योजनांचा भर प्रामुख्याने देशातील कायदे पाळण्यावर असल्याने त्या सौम्य असल्याची टीका होते, परंतु सक्तीमुळे त्यांचा पल्ला मोठा आहे. युरोपीय संघाने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगलतोड झालेल्या जमिनीतील पामतेल, सोयाबीन, कॉफी, कोको, रबर, लाकूड आणि गोवंशीय जनावरांपासूनची उत्पादने तेथील बाजारात आणता येणार नाहीत आणि आयातदाराला शेताचे अक्षांश-रेखांश द्यावे लागतील. केवळ प्रमाणपत्र दाखवून या जबाबदारीतून सुटका नाही, हे या कायद्याचे वैशिष्ट्य. मात्र उत्पादक देशांचा रोष आणि तयारीचा अभाव यांमुळे त्याची अंमलबजावणी लांबणीवर पडत गेली. युरोपला चालणारे तेल युरोपकडे आणि उरलेले अन्य देशांकडे अशी वाटणी झाली, तर जंगलाच्या दृष्टीने फार काही साधणार नाही, हा आक्षेपही येथे गंभीर ठरतो.

हे ‘अन्य देश’ म्हणताना पहिले नाव भारताचे घ्यावे लागते. जगात सर्वाधिक पामतेल आयात करणारा देश भारत असून ही आयात दरवर्षी पाऊण कोटी ते एक कोटी टनांच्या दरम्यान असते. वनस्पती तूप, बिस्किटे, फरसाण, खानावळीतली तळणी आणि अंगाचा साबण यांतून ती घरोघर पोचते. २०२२ मध्ये इंडोनेशियाने एप्रिलअखेरीस निर्यात बंद केली, तेव्हा जेमतेम चार आठवड्यांच्या त्या बंदीने येथील तेलबाजार ढवळून निघाला. त्याच वर्षीच्या दिवाळीत महाराष्ट्र सरकारने ‘आनंदाचा शिधा’ म्हणून शंभर रुपयांत जो संच शिधापत्रिकाधारकांना दिला त्यात रवा, चणाडाळ आणि साखर यांच्यासोबत एक लिटर पामतेल होते; गरिबाच्या कढईत पडणारे तेल कोणते, हे त्या संचाने सांगून टाकले. जेथे लिटरमागे दोन-चार रुपयांचा फरकही ग्राहकाला जाणवतो, तेथे बोर्निओतील जंगलासाठी वरचा भाव द्या असे त्याला सांगणे व्यवहाराला धरून नाही. दुसरीकडे, २०२१ मध्ये केंद्र सरकारने ११,०४० कोटी रुपयांचे तेलताड अभियान हाती घेतले आणि त्यात ईशान्य भारत व अंदमान यांवर विशेष भर दिला. तेव्हा जैवविविधतेचे आणि पाण्याचे जे प्रश्न इंडोनेशियाला विचारले जात होते ते आता देशातही विचारले जाऊ लागले आहेत.

भारतात सोन्याचा हॉलमार्कही प्रारंभी ऐच्छिक होता. २००० मध्ये तो सुरू झाला आणि २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला. त्याला लोकमान्यता मिळाली, कारण खोट्या सोन्याचा फटका थेट विकत घेणाऱ्याला बसतो. पामतेलाचा फटका सुमात्रातील पेलालावानच्या शेतकऱ्याला, कालिमंतानच्या धुरात श्वास घेणाऱ्या मुलाला आणि ओरांगउटानला बसतो. पिशवी घेणाऱ्याच्या घरी भजी तितकीच कुरकुरीत होतात. म्हणून हा हिशेब मागण्याची जबाबदारी एकट्या ग्राहकावर टाकून भागत नाही. वर्षाला लाखो टन तेल घेणारे आयातदार, बिस्किटांचे व साबणाचे कारखाने आणि शिधावाटपासाठी निविदा काढणारी सरकारी खाती यांनी निविदेच्या आणि कराराच्या अटींत गिरणीचे नाव व जमिनीचा नकाशा मागितला, तर त्यांच्या मागणीचे वजन एखाद्या ग्राहकाच्या सदिच्छेहून कितीतरी अधिक पडेल. आणि त्या अटींचा खर्च टनांवर विभागला गेल्याने शंभर रुपयांच्या संचातील त्या एक लिटरवर त्याचा भार किरकोळच राहील.